गोव्यात घटस्फोट घेताना : मुलांचा सहवास आणि पोटगी आधी ठरवा

"सावंतवाडीला माझ्या मावसभावाचं सहा महिन्यांत सुटलं. आमचंच एवढं का लांबतंय?" फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. मी वकील नाही. तुटत आलेल्या जोडप्यांसोबत बसून मुलांबद्दलची बोलणी करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या प्रश्नाचं उत्तर आधी कळलं असतं, तर कितीतरी जणांचे पैसे वाचले असते आणि मुलांची ओढाताण टळली असती.

मावसभावाचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली मोडलं. तो १९५५ चा कायदा गोव्याला कधी लागूच केला गेला नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण आधीचे पोर्तुगीज दिवाणी कायदे १९६२ च्या प्रशासन कायद्याने तसेच पुढे चालू राहिले. त्यामुळे गोंयकाराचा घटस्फोट, मग तो हिंदू असो वा मुसलमान, आजही ३ नोव्हेंबर १९१० च्या घटस्फोट कायद्याने होतो; चर्चमध्ये लग्न लावलेल्या कॅथलिकांचे नियम मात्र वेगळे आहेत.

लग्न मोडण्याचा कायदा असा शंभर वर्षांहून जुना असला, तरी मुलांचा सहवास (म्हणजे ताबा आणि भेटी), पोटगी आणि वसुली यांचे नियम गेल्या पाच-सहा वर्षांत बरेच बदलले आहेत, आणि हे बदल देशभराचे असल्याने गोव्यालाही लागू आहेत. म्हणून "आधी घटस्फोट होऊ दे, मग मुलांचं बघू" हा क्रम चुकीचा आहे. मुलांचं आधी ठरवा. घटस्फोटाचा हुकूम त्याच्या मागून आला तरी चालतो.

पहिलं पाऊल : तुमच्यावर कुठला कायदा चालतो?

लग्न कुठे नोंदवलं, ते आधी बघा. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग मधले दिवस गेल्यावर दुसरी सही अशी नोंदणी झाली असेल आणि दोघंही मूळ गोव्याची असाल, तर बहुतेक वेळा इथलाच कायदा. पण आपल्याकडे सोयरिकी सीमेपलीकडे खूप होतात. मुलगी कुडाळची, लग्न वेंगुर्ल्याला, नोंदणीही तिथेच आणि संसार म्हापशाला, असं असेल तर वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा : आमच्या लग्नाला गोव्याचा कायदा लागतो की हिंदू विवाह कायदा? याचं उत्तर मिळेपर्यंत काहीही दाखल करू नका. चुकीच्या कायद्याखाली केलेला अर्ज दोन वर्षांनी फेटाळला गेला, तर ती दोन वर्षं मुलाच्या बालपणातून जातात.

गोव्याचा कायदा लागत असेल तर दोन वाटा आहेत. एक, दोषावर आधारलेली : मारझोड व गंभीर अवहेलना, ३ वर्षं घर सोडून जाणं, स्वखुशीने सलग १० वर्षं वेगळं राहणं वगैरे कारणं सिद्ध करावी लागतात. दुसरी, परस्पर संमतीची. तिच्यासाठी लग्नाला २ वर्षं झालेली हवीत आणि दोघांचंही वय २५ पूर्ण हवं. संमती असली तरी अंतिम हुकूम पहिल्या फेरीत मिळत नाही. आधी तात्पुरता हुकूम होतो, विचार करायला वेळ दिला जातो आणि मग तो पक्का होतो. सहा महिन्यांचा थांबा माफ झाल्याच्या ज्या बातम्या वाचता, त्या हिंदू विवाह कायद्याच्या आहेत. संसार सावरण्यापलीकडे मोडला म्हणून घटस्फोट मिळाल्याच्या बातम्या सर्वोच्च न्यायालयाच्या खास अधिकाराबद्दल असतात. १ मे २०२३ च्या निकालाने तो अधिकार स्पष्ट केला, पण तो तालुक्याच्या कोर्टाला नाही.

आणि नोटरीकडे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर केलेली काडीमोड म्हणजे घटस्फोट नव्हे. त्या कागदावर दुसरं लग्न उभं राहत नाही. शिवाय तो कागद बाईच्या पोटगीच्या आड येऊ शकतो. तो कसा, ते पुढे सांगते.

दुसरं पाऊल : कागद जमवा, भांडण तापायच्या आत

लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, आजारपणाची कागदपत्रं, दोघांची तीन वर्षांची बँक स्टेटमेंट आणि प्राप्तिकर विवरणपत्रं, जमिनीचे एक-चौदाचे उतारे (गोव्याचा सातबारा), पंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या. यातलं जे हाताशी असेल त्याचे फोटो काढून आपल्या विश्वासातल्या माणसाकडे पाठवून ठेवा.

विवरणपत्राला गोव्यात जास्तच महत्त्व आहे. इथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानतात. म्हणून जुन्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५अ प्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, धंदा, व्याज, दोघांमध्ये अर्धं-अर्धं दाखवलं जायचं आणि विवरणपत्रात त्याची वेगळी अनुसूची असायची. "मला कुठे काय मिळतं" म्हणणाऱ्या माणसाने त्याच अनुसूचीत बायकोच्या नावावर किती उत्पन्न टाकलं होतं, ते न्यायालयात दाखवता येतं. अनेक बायकांना आपल्या नावावर असं काही भरलं गेलंय याची कल्पनाही नसते.

घरात मारहाण किंवा धमकी असेल तर कागदांसाठी थांबू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली एकाच अर्जात संरक्षण, राहत्या घरात राहण्याचा हक्क, पैसे आणि मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. महिला हेल्पलाइन १८१. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक लावा. बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. "आम्ही एवढे गरीब नाही" म्हणून हा हक्क सोडून देणाऱ्या मला पुष्कळ भेटल्या आहेत. कृपया सोडू नका.

तिसरं पाऊल : पोटगीचा अर्ज

आधी ज्याला सगळे "एकशे पंचवीस" म्हणायचे, ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम आता गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्यात तीच तरतूद कलम १४४ मध्ये आली. त्या तारखेआधी दाखल झालेले खटले जुन्या कलमाखालीच चालतात. नव्या अर्जावर कोणी १२५ लिहून दिलं तर दुरुस्त करून घ्या. घटस्फोट व्हायची वाट बघावी लागत नाही. घटस्फोट झालेली, पुन्हा लग्न न केलेली बाईही अर्ज करू शकते. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही हा मार्ग खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ ला पुन्हा सांगितलं. बाई जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो, म्हणजे माहेरी बांद्याला गेलेल्या मुलीला दर तारखेला पणजी गाठायची गरज नाही.

आता त्या स्टॅम्पपेपरची गोष्ट. कलम १४४ म्हणतं की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळी राहत असतील, तर बायकोला पोटगी मिळत नाही. "आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत" असं नोटरीच्या कागदावर लिहून सही केली की समोरचा वकील तोच कागद पुढे करतो. कोर्टातून संमतीने घटस्फोट झालेल्या बाईला मात्र ही आडकाठी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवलं आहे. आणि मुलाच्या पोटगीला ती कधीच लागत नाही. आई-बापाने आपापसात काहीही लिहिलेलं असो, मुलाचा हक्क मुलाचा राहतो.

दुसरा मोठा बदल ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने आला. तेव्हापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं ठरावीक नमुन्यातलं शपथपत्र द्यावं लागतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हेही त्याच निकालाने पक्कं केलं. म्हणून अर्ज लवकर करा. तडजोडीची बोलणी चालू असली तरी अर्ज करून ठेवा, बोलणी जमली तर मागे घेता येतो. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं संहिताच सांगते. प्रत्यक्षात तारखा पडतात. शपथपत्र पहिल्याच तारखेला पूर्ण भरून दिलं, तर तारीख पडायला तुमच्या बाजूने तरी कारण उरत नाही.

शपथपत्रात गोव्याचं उत्पन्न कुठे लपतं ते शोधायला शिका. पगाराची स्लिप सगळे देतात. पण कळंगुटला पर्यटकांना दिलेल्या दोन खोल्या, भाड्याने फिरणाऱ्या चार स्कूटर, पावणीने (लिलावाने) दिलेली काजूची बागायत, कुळागराची म्हणजे बागेतली सुपारी, खाणीवर लावलेला ट्रक, यांचं काय? हे सगळं रोखीत चालतं. स्कूटरच्या नोंदणीची माहिती, खोल्यांची जाहिरात, सोसायटीत सुपारी घातल्याची पावती असं काही पुढे ठेवलं की न्यायालय अंदाज बांधू शकतं. उलट बाजूही खरी आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकवाल्यांच्या घरांत खरोखर पैसा नव्हता. अशा वेळी हप्ता गुपचूप थांबवू नये. परिस्थिती बदलल्याचं दाखवून कलम १४६ खाली रक्कम कमी करून मागावी. महागाई वाढली तर वाढवूनही त्याच कलमाखाली मागता येते.

मुलाचा आकडा काढताना एक वही घ्या आणि दोन महिन्यांचा खर्च रोजच्या रोज लिहा : बालरथाची (शाळेच्या बसची) सोय नसेल तर रिक्षा, ट्यूशन, गणवेश, दात, चष्मा, फुटबॉलचे बूट, दूध. "महिन्याला १५ हजार लागतात" या वाक्यापेक्षा त्या वहीला न्यायाधीश जास्त मान देतात. करारात दरवर्षी किंवा दर दोन वर्षांनी ठरावीक टक्के वाढ लिहून घ्या. २९ मे २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने बायकोची पोटगी महिना ५० हजार ठरवताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ घातली होती. तसंच कलम चाललं तर पुन्हा पुन्हा कोर्ट चढावं लागत नाही. आणखी एक : कलम १४४ मधला धडधाकट मुलाचा हक्क सज्ञान होईपर्यंतच आहे. कॉलेजचा खर्च तर त्यानंतर सुरू होतो. म्हणून "पदवी किंवा व्यावसायिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत" हे शब्द संमतीच्या करारात असलेच पाहिजेत.

हप्ते थकले तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा. वर्ष उलटलं की त्या थकबाकीसाठी या कलमाखाली वॉरंट मिळत नाही. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. शक्य असेल तर बँकेतून आपोआप वळते होणारे पैसे ठरवा. मुलाच्या हातात पाकीट देऊन पोटगी पाठवणं मी कुणालाही करू देत नाही. मूल पैसे पोचवणारं माणूस होतं आणि त्या दिवसापासून बापाची भेट त्याला नकोशी होते.

चौथं पाऊल : मुलाचं वेळापत्रक

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

दोष कोणाचा त्यावरून मूल कोणाकडे जायचं, हा जुन्या काळचा विचार आता मागे पडला. न्यायालय मुलाचं हित बघतं. २० जानेवारी २०२० च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे, आणि जो पालक दूर राहतो त्याला भेटीबरोबर फोन व व्हिडिओ कॉलनेही मुलाशी बोलता आलं पाहिजे. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त पालकत्वाची शिफारस केली होती, पण त्याचा कायदा अजून झालेला नाही. त्यामुळे दोघांनी मिळून वाढवायचं असेल तर ते तुम्हालाच लिहून काढावं लागेल. परस्पर संमतीच्या अर्जाला मुलांबाबतचा करार गोव्याच्या कायद्याने लागतोच. बहुतेक अर्जांत तो दोन ओळींचा असतो : "ताबा आईकडे, भेटीचा हक्क वडिलांना." या दोन ओळींमुळे पुढची दहा वर्षं भांडणं होतात.

मग काय लिहायचं? रविवारी किती वाजता नेणार, किती वाजता आणणार, कुठून. घराच्या पायरीवर देवाणघेवाण टाळा, शाळेतून घेणं आणि शाळेत सोडणं मुलाला सोपं जातं. पाचव्या वर्षाखालच्या मुलाला आठवड्यात दोन-तीन छोट्या भेटी बऱ्या, महिन्यातून एकदा दोन दिवसांची लांब भेट त्याला जड जाते. व्हिडिओ कॉलची वेळ रात्रीच्या जेवणाआधीची ठेवा आणि त्या वेळी दुसऱ्या पालकाने खोलीत थांबू नये. शाळेचा निकाल, पालकसभा, दवाखाना : दोघांनाही कळवायचं, दोघांचेही नंबर शाळेत द्यायचे. अपघातात जो जवळ असेल त्याने बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेऊन सही करावी, दुसऱ्याला लगेच फोन करावा.

सुट्ट्यांचं गणित आता नव्याने मांडा. २०२५ मध्ये सहावीपासून वरच्या वर्गांचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालं. जुन्या करारांत "एप्रिल-मेची सुट्टी अर्धी-अर्धी" लिहिलेलं असतं आणि मूल मोठ्या वर्गात गेल्यावर ते जुळत नाही. "सुट्टीचे एकूण दिवस निम्मे" असं लिहिलं तर ही अडचण येत नाही.

आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. सणाचं लिहून ठेवा म्हटलं की लोक म्हणतात, "तेवढं आम्ही समजून घेऊ." घेत नाहीत. आमच्याकडे बहुतेक तंटे श्रावण संपता संपता येतात. वडिलांकडच्या मूळ घरी सगळ्या भावकीचा गणपती, माटोळी (गणपतीवर बांधायची फळा-पानांची सजावट) बांधायला मुलाला आजोबांसोबत उभं राहायचं असतं. आईकडे आजी एकटी असते, तिलाही नातू हवा असतो. एका जोडप्याबरोबर आम्ही असं ठरवलं होतं : माटोळीच्या दिवसापासून दीड दिवस वडिलांकडे, पाचव्या दिवशीचं विसर्जन आईच्या माहेरी, दिवाळीचा नरकासुर एका वर्षी इथे, एका वर्षी तिथे, गावच्या जत्रेला ज्याचं गाव त्याच्याकडे. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. कागद वाचून तो म्हणाला, "म्हणजे मला दोन्हीकडचे मोदक." त्या दोघांचं एकमेकांशी आजही बोलणं नाही, पण कागद पाळला जातो.

मुलाला विचारावं का? त्याचं मत ऐकावं, निवड त्याच्यावर टाकू नये. न्यायाधीश कधी कधी मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात. त्याआधी त्याला पढवलेलं न्यायाधीशांच्या लगेच लक्षात येतं. नवरा-बायकोमधलं चोरून ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ ला म्हटलं. तेव्हापासून घराघरांत फोन रेकॉर्डिंगवर असतात. तुमचं तुम्ही बघा, पण मुलाला "बाबा काय म्हणाले, परत सांग" म्हणत फोन समोर धरू नका. त्या रेकॉर्डिंगमधून कोर्टाला बापाबद्दल कमी आणि तुमच्याबद्दल जास्त कळतं.

तारवावरचे आणि परदेशातले पालक

गोव्यात हा भाग वेगळा काढावाच लागतो. बाप सहा-आठ महिने बोटीवर असेल तर "दर रविवारी" या शब्दांना अर्थ नाही. तो घरी असेल त्या महिन्यांत सलग दिवस आणि बोटीवर असताना ठरलेल्या दिवशी कॉल, असं लिहा. पोटगी मात्र बारा महिन्यांवर पसरवा, नाहीतर बोटीवरचा करार संपला की हप्ता थांबतो. शपथपत्राबरोबर बोटीच्या कंपनीचं करारपत्र मागा.

पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन कोणी परदेशी निघणार असेल, तर निघण्याआधी करार करा. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. मुलांना परत आणण्याविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे मूल नेलं गेलं किंवा आणलं गेलं तर कोर्टाची वाट लांबची असते. मुलाचा पासपोर्ट कोणाकडे राहील, परदेशी नेण्याआधी किती दिवस लेखी कळवायचं, परतीचं तिकीट दाखवायचं की नाही, हे करारात घाला.

घर-जमीन वेगळी, पोटगी वेगळी

सामाईक मालमत्तेतला अर्धा वाटा हा तुमचा हक्क आहे, तो पोटगीच्या बदल्यात मिळत नाही. "घराचा अर्धा हिस्सा घे आणि मुलाची पोटगी सोड" असा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. मुलाची पोटगी सोडून द्यायचा अधिकार तुम्हाला नाही. वाटणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून हिस्से पाडण्याच्या, कोर्टाच्या कार्यवाहीत होते. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात तिची पद्धत दिली आहे. ती होईपर्यंत स्थावर मालमत्ता विकायला दोघांच्या सह्या लागतात, तेव्हा कोऱ्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर सही करू नका.

हुकूम हातात आल्यावर

प्रमाणित प्रती चार-पाच काढा. जिथे लग्न नोंदवलं त्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन लग्नाच्या नोंदीच्या समासात घटस्फोटाची नोंद करून घ्या. ती झाली नाही तर दुसऱ्या लग्नाच्या पहिल्या सहीलाच अडतं. सहवासाच्या हुकुमाची प्रत शाळेत मुख्याध्यापकांकडे द्या, म्हणजे फाटकावर वाद होत नाहीत. बँकेतला वारस, विमा, आरोग्य कार्ड बदला. मग वर्षातून एकदा, शाळा सुरू व्हायच्या आधी, दोघांनी कुठेतरी तटस्थ जागी, हवं तर मध्यस्थाला घेऊन, तासभर बसा. आठ वर्षांच्या मुलाला जे वेळापत्रक जमतं ते तेराव्या वर्षी जमत नाही, तेव्हा त्याचे मित्र असतात, क्लास असतात. जे बदललं ते लिहा, दोघांनी सही करा आणि मोठा बदल असेल तर न्यायालयाकडून नोंदवून घ्या.